संस्थेचा वाढता पसारा

गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे तीन शाखा काढण्याचा ठराव आला. संस्था वाढली पाहिजे, याबद्दल दुमत नव्हते. का वाढली पाहिजे, हे कोणी विचारले नाही. मत देण्याआधी मी दोन संस्थांचा इतिहास चाळला.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे, तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर सेवेची शपथ घ्यावी लागे. अशी माणसे घाऊक मिळत नाहीत. समाजाची सभासदसंख्या लहानच राहिली. पण देवधर पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांच्या सोबतीला उभे राहिले, ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. ठक्कर बाप्पांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ सुरू केले. या कामांना स्वतःचे नाव होते, स्वतःचा कारभार होता. समाज फारसा वाढला नाही, काम वाढले.

भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची गोष्ट वेगळी. १९१९ मध्ये काले येथे सुरू झालेल्या या संस्थेने लहान राहायचे ठरवले असते, तर शाळा नसलेल्या गावांकडे पाठ फिरवल्यासारखे झाले असते. तिथे वाढ हेच कार्य होते. मात्र शाळा वाढल्या की पगार वाढतात आणि पगारासाठी अनुदान लागते. १९४८ मध्ये भाऊरावांनी सरकारवर टीका केली आणि अनुदान थांबले. संस्था तगली ती लोकांच्या आधारावर आणि विद्यार्थ्यांच्या श्रमांवर.

यावरून मला दोन प्रश्न सुचले. संस्था ज्यासाठी निघाली, ते वाढीमुळे वाढते का? आणि वाढल्यावर तिची नाडी कोणाच्या हाती जाते?

तीनपैकी एका वस्तीत वाचायला काहीच मिळत नाही. तिथल्या शाखेला मी पाठिंबा दिला. उरलेल्या दोन गावांत तिथल्याच तरुणांनी आपापली वाचनालये काढावीत, पहिली दोनशे पुस्तके आपण द्यावीत, असे सुचवले. ठराव आहे तसाच मंजूर झाला. तिन्ही ग्रंथपालांचे पगार अनुदानातून भागवायचे आहेत.