पाडलेला जिना आणि एका बाईचं पुस्तक

आजच्या भागात आम्ही तुम्हाला एका जिन्याची आणि एका पुस्तकाची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट आहे लंडन शहरातली, सव्वादोनशे वर्षांपूर्वीची. इतक्या लांबची गोष्ट आपल्याला कशाला, असं वाटेल. पण तिची सुरुवात चुलीपासून होते, आणि शेवट आपल्या महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. म्हणून जरा बसून ऐका.

१७९९ साली लंडनमध्ये काही मंडळींनी मिळून एक संस्था काढली. तिचं नाव रॉयल इन्स्टिट्यूशन. तिच्यामागे जोर होता तो काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थाचा. हा माणूस उष्णतेचा अभ्यासक. उघड्या शेगडीत किती लाकूड फुकट जळतं, धूर घरात का कोंडतो, याचा त्याने बारकाईने विचार केला होता. विस्तव झाकलेला ठेवला आणि धुराला नीट वाट दिली, तर सरपण निम्म्याहून कमी लागेल असं तो सांगायचा. आपल्याकडे निर्धूर चूल आली ती याच विचाराची लांबची नात म्हणायला हरकत नाही. विज्ञानाचा उपयोग रोजच्या जगण्याला व्हावा, आणि तो लोकांना बोलून, करून दाखवावा, हा या संस्थेचा हेतू होता.

संस्थेने एक मोठं घर घेतलं आणि त्यात व्याख्यानाची खोली बांधली. अर्धगोल बाकं, समोर प्रयोगाचं टेबल, आणि वर एक सज्जा. बांधकाम थॉमस वेबस्टर या माणसाकडे होतं. त्याच्या मनात एक वेगळी गोष्ट होती. सुतार, लोहार, गवंडी अशा कारागिरांनाही हे ज्ञान मिळावं. म्हणून त्याने रस्त्यावरून थेट सज्जात जाणारा एक दगडी जिना बांधला. बड्या लोकांच्या दारातून न जाता कारागिरांनी वर जाऊन बसावं आणि ऐकावं.

आता वेगळा जिना म्हणजे वेगळी पंगतच, असं तुम्ही म्हणाल. ते खरंच आहे. पण तेवढंही टिकलं नाही. शेजारच्या फ्रान्समध्ये नुकतीच राज्यक्रांती होऊन गेली होती. गरिबांना शिकवलं तर ते उद्या डोक्यावर बसतील, ही भीती इंग्लंडच्या श्रीमंतांना वाटत होती. खालच्या लोकांना विज्ञान शिकवायचं काय कारण, असं वेबस्टरला विचारलं गेलं. ती योजना गुपचूप बंद झाली आणि पुढे तो जिना पाडून टाकला.

मग त्या खोलीत आलं कोण? वर्गणी भरू शकणारे लोक. आणि त्यांत बायकाही होत्या. १८०१ सालापासून हम्फ्री डेव्ही नावाचा बावीस वर्षांचा तरुण तिथे व्याख्यानं देऊ लागला. वायू, वीज, धातू यांचे प्रयोग तो सगळ्यांसमोर करून दाखवायचा. ऐकायला इतकी गर्दी व्हायची की रस्ता घोडागाड्यांनी तुंबून जायचा. म्हणून तो रस्ता एकेरी वाहतुकीचा करावा लागला, असं सांगतात.

त्या काळात इंग्लंडमधल्या विद्यापीठांत बायकांना प्रवेश नव्हता. रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची मोठी सभा, तिने तर पहिल्या स्त्रियांना सभासद करून घेतलं ते १९४५ साली. त्यामुळे व्याख्यानाची ही खोली म्हणजे बायकांना विज्ञान कानावर पडण्याची एक मोजकी जागा होती. त्याचीही चेष्टा झाली. १८०२ साली गिलरे या चित्रकाराने त्या व्याख्यानांवर एक व्यंगचित्र काढलं. त्या चित्रात प्रयोग फसलेला आहे, श्रोते भांबावलेले आहेत, आणि बायका मात्र हातात कागद घेऊन लिहून घेत आहेत. चित्रकाराने हसण्यासाठी काढलं. आज आपण ते पाहिलं तर आपल्याला त्या लिहिणाऱ्या बायाच दिसतात.

अशाच श्रोत्यांमध्ये होत्या जेन मार्सेट. वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या आणि रसायनशास्त्राची आवड असणाऱ्या एका डॉक्टरांच्या त्या पत्नी. व्याख्यान त्यांना आवडायचं, पण सगळं समजायचं नाही. बोलणारा भराभर पुढे जायचा, प्रयोग डोळ्यांसमोरून सरकून जायचे. आपलीही अशीच गत होते ना? भाषण छान झालं म्हणतो, पण काय सांगितलं ते सांगता येत नाही.

मार्सेटबाईंनी काय केलं? ऐकलेल्या विषयावर त्यांनी जाणत्या स्नेह्याशी गप्पा मारल्या. प्रश्न विचारले. प्रयोग पुन्हा करून पाहिले. त्यानंतर त्याच व्याख्यानांना गेल्या, तेव्हा सगळं उलगडू लागलं. त्यांच्या लक्षात आलं की नुसतं ऐकून शिकणं अर्धंच होतं. बोलताना, विचारताना, एकमेकींना सांगताना ते पुरं होतं.

हाच धागा धरून त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘रसायनशास्त्रावरचे संवाद’. ते बाजारात आलं १८०५ च्या अखेरीस. त्यात एक शिकवणाऱ्या बाई आहेत, मिसेस बी. आणि दोन मुली आहेत, एमिली आणि कॅरोलाइन. मुली शंका काढतात, मध्येच कंटाळतात, उलट विचारतात, आणि बाई समजावून सांगतात. हे पुस्तक खास करून स्त्रियांसाठी आहे, असं त्यावर छापलं होतं. लिहिणारीचं नाव मात्र नव्हतं. बाईने विज्ञानावर लिहिणं लोकांना रुचेल की नाही, अशी तेव्हाची परिस्थिती. त्या निनावी पुस्तकाच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या शाळांतही ते शिकवलं गेलं.

आता गोष्टीतलं खरं वळण ऐका. लंडनमध्येच एका लोहाराचा मुलगा पुस्तकं बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करत होता. त्याचं नाव मायकेल फॅरडे. शाळा जेमतेम झालेली. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा. त्यात मार्सेटबाईंचं पुस्तक त्याच्या हाती लागलं. त्यात लिहिलेलं खरं आहे का, हे त्याने जमतील तेवढे छोटे प्रयोग करून ताडून पाहिलं. ते खरं निघालं, आणि त्याचा पाय विज्ञानात रोवला गेला.

शहरात दुसरीकडे एक शिलिंग देऊन व्याख्यानं ऐकता येत. ते पैसे त्याला मोठा भाऊ द्यायचा. तो भाऊही लोहारच. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने फॅरडेला डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. तो कुठे बसला असेल? वर सज्जात. कारागिरांसाठी जिना बांधून मग पाडून टाकलेल्या त्याच खोलीच्या सज्जात एक लोहाराचा पोरगा बसला आणि त्याने शब्दन् शब्द टिपून घेतला. ती टिपणं त्याने नीट लिहून, स्वतः बांधून डेव्हीकडे पाठवली. १८१३ च्या मार्चमध्ये त्याला त्याच संस्थेत प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून काम मिळालं.

विहिरीवरची मोटर आणि पिठाची गिरणी ज्या तत्त्वावर फिरते, ते फॅरडेने १८२१ साली दाखवलं. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वीज तयार होते, हे त्याने १८३१ साली शोधलं. कोयनेचं पाणी चाकं फिरवून वीज बनवतं ते याच तत्त्वावर. म्हातारपणी मार्सेटबाई वारल्याचं कळल्यावर त्याने पत्रात त्यांचं ऋण मनापासून मानलं. स्वतःचे शोधनिबंध तो त्यांना भेट पाठवत असे, कारण त्या त्याच्या पहिल्या शिक्षिका होत्या.

पुढे त्याच खोलीत फॅरडेने शुक्रवारी संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली. १८२५ सालापासून तिथे नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होऊ लागली. त्यात तो साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं द्यायचा. वात का जळते, मेण वर कसं चढतं, ज्योतीत काय असतं. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर मुलांची ही व्याख्यानं आजतागायत चालू आहेत.

लंडनचा हा नमुना डोळ्यांसमोर ठेवून कोलकात्यात डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांच्या देणग्यांतून एक विज्ञानसंस्था काढली. तिथेही जाहीर व्याख्यानं होत. काही वर्षांनी सरकारी हिशेब खात्यातला एक तरुण अधिकारी त्या दारात आला. कचेरीआधी आणि कचेरीनंतर त्याला तिथे प्रयोग करायला मिळाले. तो तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांनी तिथेच आपला शोध लावला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबून विचार करू. बाहेरच्या माणसाला दार उघडं मिळालं म्हणून रामन मोठे झाले. तेच रामन १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचे प्रमुख होते. मुंबईची कमला भागवत, आपल्या दुर्गा भागवतांची बहीण, उत्तम गुणांनी पदवी घेऊन संशोधनासाठी तिथे अर्ज करते. उत्तर आलं, मुलींना घेत नाही. ती गप्प बसली नाही. बंगळूरला गेली आणि समोर उभी राहून कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून नाव नाही. सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं. आणि तिच्यामुळे तिथलं वातावरण बिघडता कामा नये.

तिने ते वर्ष काढलं, काम करून दाखवलं. १९३९ साली तिने केंब्रिजची पीएचडी मिळवली. पुढे कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईत नीरेतल्या आणि डाळींतल्या पोषणावर काम केलं. म्हणजे गरिबाच्या ताटावर. त्या अटींचा अपमान त्या विसरल्या नाहीत, म्हातारपणी जाहीरपणे बोलल्या. त्यांच्यानंतर मात्र रामन यांनी मुलींना घ्यायला सुरुवात केली. ऊन आणि वारा मोजणारी उपकरणं देशात घडवणाऱ्या अण्णा मणी त्यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आल्या.

जिना पाडणारेही माणसंच, आणि दार अडवणारेही. विज्ञान कोणी ऐकायचं हे आजवर कोणीतरी दुसऱ्याने ठरवलं. पण ऐकलेलं पुढे कसं न्यायचं, हे मार्सेटबाईंनी स्वतः ठरवलं. म्हणूनच लोहाराच्या पोरापर्यंत ते पोहोचलं.

आज आपल्याकडे दारं बरीच उघडी आहेत. जुन्नर तालुक्यात खोडदला तीस प्रचंड थाळ्यांची रेडिओ दुर्बीण आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास तिथे सगळ्यांसाठी प्रदर्शन भरतं. पुण्याच्या आयुका संस्थेत लोकांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होत आली आहेत. आणि तालुक्याला कृषी विज्ञान केंद्राचे मेळावे असतातच.

आमचं म्हणणं एवढंच. अशा ठिकाणी एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा. वही न्या. लिहिता येत नसेल तर लेकीला सोबत घ्या. समजलं नाही तर हात वर करून विचारा. आणि पुढच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की पंधरा मिनिटं काढा. एकीने सांगायचं, बाकीच्यांनी एमिली आणि कॅरोलाइनसारखं उलटसुलट विचारायचं. जिथे अडेल तो प्रश्न लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्या साहेबांपुढे ठेवायचा. आपल्या प्रश्नांची अशी वही कुणाच्या हाती लागेल आणि त्यातून काय उभं राहील, हे आज कुणीच सांगू शकणार नाही.