अंजिराचा मुरब्बा

एखाद्याची गाठ फार दिवसांनी पडली, की ‘उंबराचं फूल झालात की हो!’ असं आपण सहज म्हणतो. उंबराला फूल येतं. पण ते फळाच्या पोटात दडलेलं असतं. अंजीर हे या उंबराचंच भावंड. उंबर आपल्या नाल्याकाठी हवा तेवढा. अंजीर मात्र दूरदेशाहून आलेला, आणि भारी नाजूक.

किती नाजूक, ते आमच्या कामरगावच्या घरी एका उन्हाळ्यात कळलं. पुण्याकडच्या पाहुण्यांनी सासवडच्या अंजिरांची पाटी आणली. रात्रभराचा एसटीचा प्रवास करून ती कारंज्यामार्गे गावी पोचली, तोवर निम्मी फळं फुटली होती. “टाकून देण्यापेक्षा मुरब्बा करू,” असं म्हणून आईनं आवळ्याच्याच रीतीनं तो केला. साखर मात्र हात राखून घातली. आठ दिवसांत बरणीवर बुरशीची साय आली. आवळ्याला जो हात कधी चुकला नाही, तो अंजिराला का चुकावा?

याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं. अंजीर माणसानं फार पूर्वीच जवळ केलं. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल येथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची जळालेली अंजिरं सापडली आहेत. हे फळ टिकवायचं कसं, हा प्रश्नही तितकाच जुना असला पाहिजे. पश्चिम आशियातले लोक ते उन्हात वाळवीत. रोमन लोक मधात बुडवून ठेवीत. ‘अंजीर’ हा शब्द फारसी, ‘मुरब्बा’ हा अरबी. पण मुरब्ब्याचा जीव जी साखर, ती मूळची आपली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात शिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस याने, मधमाश्यांवाचून मध देणारा बोरू हिंदुस्थानात आहे, असं नवलानं नमूद केलं. तो आपला ऊस! आपली ‘शर्करा’ अरबांकडे ‘सुक्कर’ झाली आणि युरोपात ‘शुगर’ होऊन पोचली.

पुढं फ्रान्समध्ये निकोला अपेर याने बाटलीत भरलेलं अन्न बूच घट्ट बसवून उकळत्या पाण्यात ठेवलं, की ते टिकतं, हे दाखवलं. सरकारने त्याला १८१० साली १२,००० फ्रँकांचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. ते कोडं पुढं पाश्चरच्या प्रयोगांनी उलगडलं. अन्न नासवतात ते सूक्ष्म जीव.

आता आमच्या बरणीकडे परत येऊ. साखर भरपूर असली, की ती फळातलं पाणी बांधून ठेवते आणि जंतूंना ते मिळत नाही. जॅममध्ये साखरेसह विरघळलेले पदार्थ शेकडा ६५ तरी लागतात, ते याचसाठी. दुसरा पहारेकरी म्हणजे आंबटपणा. आवळा जात्याच आंबट. तो हा पहारा सोबत घेऊनच येतो. अंजिरात आंबटपणा फार थोडा. म्हणून अंजिराला लिंबू पाहिजेच. चवीपुरतं नव्हे, राखणीसाठी.

रीत सोपी आहे. एक किलो पिकलेली, न नासलेली अंजिरं धुऊन देठ काढा. कच्च्या देठाचा चीक हाताला खाजवतो, तेवढं सांभाळा. फोडी करून पाऊण किलो साखर घाला आणि तासभर पाणी सुटू द्या. मग दोन-तीन लिंबांचा रस घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. थंड बशीत टाकलेला थेंब पसरेनासा झाला, की उतरवा आणि उकळून घेतलेल्या कोरड्या बाटल्यांत गरम असतानाच भरा. ओला चमचा बाटलीत कधीही घालू नये.

ही गोष्ट स्वयंपाकघरापुरती राहत नाही. पुरंदर तालुक्यातल्या दिवे, सोनोरी भागातल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, पण झाडावरून उतरलेलं अंजीर थांबत नाही. उद्या नासणारा माल ज्याच्या हाती, त्याला आज मिळेल तो भाव मुकाट्यानं घ्यावा लागतो. तिथल्या शेतकऱ्यांच्या कंपनीनं अंजिराचा रस बाटलीत भरला, आणि २०२४ साली तो पोलंडला गेला. फळ टिकाऊ झालं, की शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणायला थोडी सवड मिळते. आंबिया बहाराच्या संत्र्याचे भाव कोसळताना पाहिलेल्या आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको.

गुरुजनांना एक सुचवावंसं वाटतं. शाळेत फळाच्या गराच्या दोन बाटल्या ठेवा. एकीत साखर-लिंबू घालून शिजवलेला गर, दुसरीत नुसता. रोज मुलांना बाहेरूनच पाहू द्या, चाखू मात्र देऊ नका. पाश्चर काय म्हणत होता, ते आठवड्याभरात मुलं आपणहून सांगतील.

आईनं पुढच्या खेपेस लिंबू घातलं, साखरही मोकळ्या हातानं घातली. ती बरणी दिवाळीपर्यंत टिकली. त्यापुढं टिकली नाही, कारण आम्ही ती संपवली.