अनुप्रयोग भांडारे, नियंत्रित व मुक्त

भ्रमणध्वनी संचावर चालणाऱ्या आज्ञावलीस अनुप्रयोग किंवा रूढ भाषेत अ‍ॅप म्हणतात व असे अनुप्रयोग जेथून उतरवून घेता येतात त्या व्यवस्थेस अनुप्रयोग भांडार अशी संज्ञा आहे. चालकाच्या तपासणीवाचून जेथे अनुप्रयोगास प्रवेश नाही व संचही अन्य मार्गाने आलेला अनुप्रयोग स्वीकारीत नाही, ती पद्धती नियंत्रित. निर्मात्यास आपला अनुप्रयोग कोणत्याही मार्गाने ग्राहकापर्यंत पोचविता येतो, ती मुक्त होय. या दोहोंतील वाद सामान्यतः सुरक्षितता विरुद्ध स्वातंत्र्य असा मांडला जातो. इतिहास पाहता मात्र विश्वास कोणावर टाकावयाचा आणि तो चुकल्यास हानी किती पसरू द्यावयाची, असे त्याचे खरे स्वरूप दिसते.

सिंबियन प्रणालीच्या संचांवर अनुप्रयोग कोठूनही घेता येत असत. ब्लूटूथद्वारे एका संचातून दुसऱ्यात शिरणारा ‘कॅबिर’ हा उपद्रवी कार्यक्रम २००४ मध्ये याच प्रणालीवर आढळला. पुढील आवृत्त्यांत महत्त्वाच्या अधिकारांसाठी प्रमाणित स्वाक्षरी आवश्यक ठरली. १० जुलै २००८ रोजी अ‍ॅपलने आपले भांडार सुमारे ५०० अनुप्रयोगांसह खुले केले. त्यात प्रत्येक अनुप्रयोगाची पूर्वतपासणी होई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. तेथे पूर्वतपासणी नव्हती, शिवाय बाहेरील अनुप्रयोग बसविण्याचीही मुभा होती.

या मोकळिकीचे परिणाम लवकरच दिसले. मार्च २०११ मध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ने दूषित झालेले पन्नासांहून अधिक अनुप्रयोग अँड्रॉइड मार्केटमध्ये सापडले. २०१२ मध्ये गूगलने आपल्या स्वयंचलित तपासणीची माहिती प्रसिद्ध केली. तथापि नियंत्रित भांडारही अभेद्य ठरले नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये ‘एक्सकोडघोस्ट’ प्रकरण उघडकीस आले. चीनमधील काही निर्मात्यांनी अनधिकृत ठिकाणाहून घेतलेले निर्मितीसाधनच दूषित होते व त्यातून तयार झालेले अनुप्रयोग अ‍ॅपलच्या तपासणीतून सहीसलामत पार पडले. भांडारावर विश्वास असल्यामुळे ग्राहकास संशय घेण्याचे कारणच उरले नव्हते. उलटपक्षी, २०१० मध्ये सुरू झालेले ‘एफ-ड्रॉइड’ हे मुक्त भांडार अनुप्रयोगांची मूळ आज्ञावली मिळवून बहुधा स्वतःच त्यांची बांधणी करते. यावरून मुक्त म्हणजे तपासणीहीन नव्हे, हे स्पष्ट होते.

भारतात हा प्रश्न दोन्ही अंगांनी अनुभवास आला. केंद्रीय अर्थमंत्रालयाने संसदेस दिलेल्या माहितीनुसार सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने आपल्या भांडारातून कर्ज देणारे २,२०० हून अधिक अनुप्रयोग काढून टाकले. म्हणजे हे अनुप्रयोग मुळात तपासणी ओलांडूनच आत आले होते. याउलट, ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली येथील एका शासकीय कर्मचाऱ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका प्रत्यक्षात एपीके धारिका, म्हणजे भांडाराबाहेरचा अनुप्रयोग, निघाली. त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. अशा फसवणुकीत अनुप्रयोग बहुधा संदेश वाचण्याची परवानगी मिळवितो. बँकेचा एकवेळचा परवलीचा शब्द संदेशानेच येत असल्याने तो हाती लागला की खाते उघडे पडते.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडसंबंधी १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला व बाहेरील अनुप्रयोग बसविण्यास अडथळा न करण्याचा निर्देश दिला. राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, परंतु हा निर्देश रद्द केला. फोनपे कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठीसह १२ भारतीय भाषांत ‘इंडस’ हे पर्यायी भांडार आणले. यूरोपीय संघात नव्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून अ‍ॅपललाही अन्य भांडारांना वाट द्यावी लागली.

एकच द्वारपाल असल्यास तपासणीत एकसूत्रता येते. पण त्याची एक चूक सर्वांना भोवते आणि त्याच्या निर्णयावर दाद मागण्यास जागा अल्प राहते. अनेक द्वारे असल्यास निवड वाढते. पण पारखण्याचा भार ग्राहकावर पडतो व तो पेलण्याची तयारी सर्वांची सारखी नसते. २०२४ मध्ये गूगलने भारतात जाहीर केलेल्या प्रायोगिक उपायाचा रोख निराळा होता : बाहेरून आलेला अनुप्रयोग संदेश वाचण्यासारखे नाजूक अधिकार मागत असेल, तरच त्याची स्थापना अडवावयाची. अनुप्रयोग कोठून आला याइतकेच तो काय मागतो याकडे लक्ष देणारी ही दिशा अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे.