तळेगाव (श्यामजी पंत) आणि स्थानिक कारभाराचा आढावा

स्थानिक संस्थेने वर्षभरात काय केले याचा जाब तिने कोणास द्यावयाचा, हा स्थानिक स्वराज्याच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय. मुंबईसारख्या महानगरात १८८८ च्या अधिनियमाने आयुक्तांच्या कारभारावर स्थायी समितीची व लेखापरीक्षकांची नजर ठेवली. तेथे नागरिक हा आढावा निवडून दिलेल्या सभासदांमार्फत घेतो. खेड्याची वाट निराळी आहे. वर्धा जिल्ह्यात नागपूर-अमरावती मार्गावर वसलेले तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव ज्या प्रशासकीय परंपरेत वाढले, तिचे अवलोकन केल्यास या प्रश्नाचे उत्तर तीन टप्प्यांत बदलत गेलेले दिसते.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. आज आष्टी तालुक्यात असलेले तळेगाव त्या काळी आर्वी तहसिलीत मोडत असे. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर मध्यप्रांतात १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा झाला आणि तहसिलीस लोकल बोर्ड व जिल्ह्यास जिल्हा कौन्सिल मिळाले. लोकल बोर्डावर गावोगावच्या मुकद्दमांचे व व्यापारी वर्गाचे प्रतिनिधी असत. सामान्य कुळास त्यात स्थान नव्हते. रस्ते, शाळा, दवाखाने व कोंडवाडे ही या संस्थांची मुख्य कामे होती. वर्षाअखेर जमाखर्च, भरलेल्या सभा व झालेली कामे यांचा अहवाल डेप्युटी कमिशनरांमार्फत वर जाई व प्रांतिक सरकार त्यावर आपला अभिप्राय देई. या पद्धतीमुळे नोंदी ठेवण्याची शिस्त लागली आणि एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना करता येऊ लागली, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या गावाच्या रस्त्याविषयी अहवाल लिहिला जाई, त्या गावास तो वाचून दाखविण्याचे बंधन कोणावरही नव्हते. उत्तरदायित्वाचे तोंड नागपूरकडे होते.

दुसरा टप्पा १९४८ चा. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने मध्यप्रांत व वऱ्हाडात जनपद योजना अमलात आली आणि जिल्हा कौन्सिलाऐवजी तहसील हा स्थानिक कारभाराचा घटक ठरला. आढावा घेणारी सभा त्यामुळे गावाच्या जवळ आली. परंतु जनपदाचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी नोकर असे. एकाच व्यक्तीने सभेस उत्तर द्यावयाचे व सरकारचीही आज्ञा पाळावयाची, ही ओढाताण या योजनेच्या रचनेतच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम झाला. वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. यातील जिल्हा परिषदेची चर्चा विपुल झाली आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १९५८ च्या अधिनियमातील ग्रामसभेची तरतूद अधिक महत्त्वाची होय. वर्षातील पहिल्या सभेपुढे पंचायतीने मागील वर्षाचे हिशेब, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा कामाचा कार्यक्रम, तसेच लेखापरीक्षणाची शेवटची टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे ठेवावीत, असे त्यात सांगितले आहे. जो अहवाल पूर्वी वर जात असे तो आता गावातच, मतदारांपुढे वाचला जावयाचा होता. तपासाची साधनेही गावाच्या दप्तरातच होती. नमुना ८ मध्ये घरागणिक कराची आकारणी व नमुना ९ मध्ये मागणी व वसुली असल्याने, थकबाकी कोणाकडे आहे हे विचारण्यास ग्रामस्थाला तालुक्याच्या गावी जावे लागत नाही.

तरतूद आणि व्यवहार यांत अंतर राहिले. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अटच राहत नाही. त्यामुळे वर्षाचा आढावा मोजक्या लोकांत उरकणे कायद्याने शक्य राहिले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. उपस्थिती मात्र घटनेने देता येत नाही.

२०२५ मध्ये केंद्र सरकारने २०२२-२३ च्या माहितीवर आधारलेला पंचायत प्रगती निर्देशांक प्रसिद्ध केला. ९ विषयांखाली ४३५ स्थानिक निर्देशकांवर पंचायतींचे मोजमाप करण्याची ही पद्धत १८८३ नंतरच्या अहवालांहून कितीतरी सूक्ष्म आहे. परंतु तिचाही ओघ प्रथम गावाकडून वरच वाहतो. हे आकडे तळेगावसारख्या गावाच्या सभेत वाचले गेले, त्यांवर प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदली गेली, तरच त्यांस आढावा म्हणता येईल. एरवी ते केवळ विवरणपत्र होय. मोजमापाची साधने सुधारली म्हणून उत्तरदायित्वाची दिशा आपोआप बदलत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.