जळगावचा नारायण, रसिकांचे बालगंधर्व

बालगंधर्व म्हटलं की पुणे, मिरज, सांगली ही गावं आठवतात. जळगाव बहुतेक चरित्रांत एका वाक्यात उरकतं. खरं तर २६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचा गळा शिस्तीत आला तो जळगावात. नातेवाईक आबा म्हाळस यांच्याकडे तो शिकायला राहिला होता आणि मेहबूब खाँ यांच्यापाशी त्यानं गाण्याचे पहिले धडे घेतले. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा थोर गुरू लाभला, हे सगळे जाणतात. मेहबूब खाँचं नाव मात्र आज खान्देशातही फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि याची खंत वाटायला हवी.

लोकमान्य टिळकांनी पुण्यात या पोराचं गाणं ऐकून त्याला ‘बालगंधर्व’ म्हटलं ते १८९८ मध्ये. पुढे १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष कीर्तिकरांनी धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे या तरुणाला ‘बालकवी’ केलं. कोवळ्या गुणाला नाव देऊन डोक्यावर घेण्याची त्या काळची ही रीत. असं नाव मिळालेल्या माणसाला लोक मग आपल्या घरचाच समजू लागत.

नारायणाच्या वाटेत पहिला अडथळा आला तो कानाचा. ऐकू नीट येईना. गवयाच्या पोराला याहून मोठं संकट कोणतं? कोल्हापूरचे शाहू महाराज त्याच्या आवाजावर लुब्ध होते. त्यांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचारांची सोय केली. कान सुधारला, आणि १९०५ मध्ये मिरजेतच किर्लोस्कर नाटक मंडळीत नारायण शकुंतला म्हणून उभा राहिला. एका रसिकानं वेळेवर हात दिला नसता, तर मराठी रंगभूमीचा पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

खान्देशात नाटकाचं वेड रेल्वेनं पसरवलं. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावं मुख्य लोहमार्गावर होती. १९०० मध्ये चाळीसगावहून धुळ्यापर्यंत फाटा गेला. पडदे, पेट्या, दागिने, आचारी असा कंपनीचा सगळा संसार रेल्वेच्या डब्यांतून फिरायचा, आणि कापसाच्या पेठा असलेली गावं मुक्कामाला परवडायची. घरात अहिराणी बोलणारा माणूस रात्रभर संगीत नाटकाला बसे आणि पदाला ‘वन्समोअर’ देई. एकेका पदासाठी पुन्हा पुन्हा वन्समोअर मिळत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. त्या आग्रहापायी नाटकातलं नाट्य बाजूला पडे, असा आक्षेप जाणकार घेत, आणि तो खराही होता. बायकांनी मात्र बालगंधर्वांचं लुगडं नेसणं, अंबाडा, दागिन्यांची निवड घरी आणली. पुरुषानं साकारलेली स्त्री सुशिक्षित घरांतल्या बायकांना नटण्याचा नमुना वाटावी, हे आज कितीही नवल वाटो, त्या काळी घडत होतं.

१२ मार्च १९११. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असं इतरांना वाटत होतं. बालगंधर्व नाटकातली भामिनी होऊन उभे राहिले. हा प्रसंग मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पुष्कळदा तो त्यांच्या त्यागाची कथा म्हणून सांगतात. त्यात प्रेक्षकांविषयीचं भयही असावं, असं मला वाटतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला रिकामं परत पाठवणं त्यांना जमतच नव्हतं.

१९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. अत्तरं, गालिचे, भरजरी शालू, साथीला अहमदजान थिरकवा यांचा तबला. सढळ हाताचा हा संसार लवकरच कर्जात बुडाला. ८ जुलै १९२१ रोजी गायक-नट केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं, तेही टिळक स्वराज्य फंडासाठी. स्वतःवर कर्ज असताना! ते कर्ज त्यांनी रंगभूमीवर राबूनच फेडलं.

बोलपट आले आणि फिरत्या कंपन्यांचे दिवस फिरले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. ज्या रसिकांनी त्यांना शालूत पाहिलं होतं, त्यांना ते रूप पचायला जड गेलं.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात त्यांची सर्वांत मोठी चाहती आली. विजापूरकडची गोहर कर्नाटकी. बालगंधर्वांची पदं त्यांच्याच ढंगात गाऊन तिनं ध्वनिमुद्रिकांवर नाव कमावलं होतं, चित्रपटांतही कामं केली होती. १९३८ मध्ये ती गंधर्व मंडळीत दाखल झाली. ज्या रसिकांनी मुसलमान उस्तादांच्या साथीला माना डोलावल्या, त्यांतल्या अनेकांना ही गाणारी बाई मात्र सहन झाली नाही. कितीतरी जुने भक्त दुरावले. पुढे बालगंधर्वांचे पाय गेले, तेव्हा त्यांची सेवा तिनं केली. उचलून आणून बसवल्यावर ते भजनं म्हणत. वेष, रूप, चालणं यांतलं काही उरलं नव्हतं आणि तरीही ऐकायला माणसं येत. त्या वर्षांचं श्रेय गोहरबाईंना द्यायला महाराष्ट्रानं फार उशीर केला. १९६४ मध्ये बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्वांनीही डोळे मिटले.

जळगावनं आपलं नातं जपलं आहे. शहरातल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, आणि वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दोन दशकांहून अधिक काळ बालगंधर्वांच्या नावानं जानेवारीत संगीत महोत्सव भरवत आहे. देशभरातले तरुण गायक-वादक तिथे येतात. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटानंतर नाट्यपदांकडे वळलेले श्रोतेही आहेत. त्यांच्यापाशी बालगंधर्व आहेत ते जुन्या तबकड्यांतले, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे. वन्समोअरनं तासभर रंगणारं पद त्या तबकडीत मावत नव्हतं, म्हणून आजोबांनी सांगितलेलं गाणं आणि नातवानं ऐकलेलं गाणं यांत अंतर राहतं. नातू तरीही तीच तबकडी पुन्हा लावतो.