क्रियाविशेषणे, इंग्रजीतील : भूतकाळी क्रियापदे व शब्दयोगी अव्यये यांच्याशी मेळ

इंग्रजी वाक्यात क्रियेची रीत, वेळ, स्थळ, वारंवारता वा प्रमाण सांगणारे शब्द. हे शब्द विशेषणाला, शब्दयोगी अव्ययाला किंवा अख्ख्या वाक्यालाही विशेषित करतात. आधुनिक इंग्रजीत विभक्तिप्रत्यय फारसे उरलेले नाहीत. त्यामुळे क्रियाविशेषण कोणाशी जोडायचे, हे बहुतेक वेळा त्याच्या जागेवरून कळते.

रूप : प्राचीन इंग्रजीत विशेषणाला अंत्य ‘ए’ जोडून क्रियाविशेषण साधत असत. हा अंत्य स्वर पुढे उच्चारातून गळाला आणि ‘फास्ट’, ‘हार्ड’ यांसारखे शब्द दोन्ही कामांसाठी एकाच रूपात राहिले. आज सर्रास आढळणारा ‘ली’ हा प्रत्यय त्या काळच्या ‘लिचे’ या रूपातून आला आहे. काही जोड्यांत अर्थ वेगळे झाले. ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने कसून काम केले, तर ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने जेमतेमच काम केले.

भूतकाळी क्रियापदाजवळची जागा : साध्या भूतकाळात क्रियापद एकशब्दी असते. वारंवारतेचे क्रियाविशेषण त्याच्या आधी येते (‘शी ऑफन वॉक्ड’), पण ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांच्यानंतर (‘शी वॉज ऑफन लेट’). साहाय्यक क्रियापद असेल, तर असे क्रियाविशेषण पहिल्या साहाय्यकामागोमाग बसते : ‘द ट्रेन हॅड ऑलरेडी लेफ्ट’. रीतिवाचक क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी किंवा कर्मानंतर चालते. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये मात्र ते सहसा घालत नाहीत. ‘शी क्लोज्ड द डोअर क्वाएटली’ आणि ‘शी क्वाएटली क्लोज्ड द डोअर’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. ‘शी क्लोज्ड क्वाएटली द डोअर’ इंग्रजी कानाला खटकते. कर्म बरेच लांबलचक असले, तरच या नियमाला मुरड घातली जाते.

जागा बदलल्याने अर्थही बदलू शकतो. ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’ यात उत्तर मूर्खपणाचे आहे. ‘ही फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन’ यात उत्तर देणे हाच मूर्खपणा आहे. उत्तर कदाचित अचूकही असेल. नकारार्थी क्रियाविशेषण वाक्याच्या आरंभी नेले, की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. साध्या भूतकाळात त्यासाठी ‘डिड’ आणावा लागतो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परतते : ‘शी नेव्हर कम्प्लेन्ड’, पण ‘नेव्हर डिड शी कम्प्लेन’.

कालवाचक क्रियाविशेषणे : ‘यस्टरडे’, ‘लास्ट ईअर’, ‘टू डेज अगो’ हे शब्दप्रयोग संपलेला काळ दाखवतात. म्हणून ते साध्या भूतकाळाशी जुळतात, पूर्ण वर्तमानकाळाशी नाही. ‘अगो’ कालावधीच्या शब्दानंतर येतो. ‘दोन दिवसांपूर्वी’ मधल्या ‘पूर्वी’सारखीच ही जागा आहे. कोश त्याला क्रियाविशेषण म्हणतात, तर काही आधुनिक व्याकरणकार शब्दयोगी अव्ययांत धरतात. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘यट’ यांच्याबाबत प्रदेशभेद आहे. ब्रिटिश वापरात त्यांच्यासोबत पूर्ण वर्तमानकाळ रूढ आहे (‘आय हॅव ऑलरेडी ईटन’). अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळही सहज चालतो (‘आय ऑलरेडी एट’).

शब्दयोगी अव्ययाशी मेळ : क्रियापद आणि त्याचे शब्दयोगी अव्यय यांच्यामध्ये क्रियाविशेषण मोकळेपणाने बसते : ‘लुक्ड केअरफुली ॲट द मॅप’, ‘रिलाइड हेव्हिली ऑन हर ब्रदर’. याउलट ‘लुक्ड अप द वर्ड’ (शब्द कोशात पाहिला) यातला ‘अप’ हा क्रियापदाचाच भाग आहे. तिथे मध्ये ‘क्विकली’ घालता येत नाही, पण कर्म मध्ये येऊ शकते (‘लुक्ड द वर्ड अप’). कर्म सर्वनाम असेल, तर ते मध्येच यावे लागते (‘लुक्ड इट अप’). हे दोन प्रकार ओळखण्यासाठी व्याकरणकार क्रियाविशेषण मध्ये घालून पाहण्याची कसोटी वापरतात. दुसऱ्या प्रकारासाठी इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा आहे. लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या 1925 सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथामुळे ती रूढ झाली.

काही क्रियाविशेषणे खुद्द शब्दयोगी अव्ययालाच विशेषित करतात आणि त्याच्या लगेच आधी येतात : ‘स्ट्रेट इन्टू द रिव्हर’ (थेट नदीत), ‘राइट थ्रू द वॉल’ (भिंतीतून आरपार), ‘शॉर्टली आफ्टर मिडनाइट’ (मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात), ‘वेल बिफोर डॉन’ (पहाटेच्या बऱ्याच आधी). या कामासाठी ‘व्हेरी’ सहसा चालत नाही.

धातुसाधितासह त्रिपदी जोडणी : कर्मणी रचनेत क्रियाविशेषण, भूतकालवाचक धातुसाधित आणि शब्दयोगी अव्यय हे तिन्ही एका ओळीत येतात, आणि तिथे रूढीचा जोर मोठा असतो : ‘डीपली रूटेड इन’, ‘बॅडली डॅमेज्ड बाय’, ‘बिटरली डिसअपॉइंटेड विथ’, ‘क्लोजली लिंक्ड टू’. प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असला तरी ‘बिटरली’च का, याचे उत्तर नियमात सापडत नाही. ते वापरात असते. धातुसाधित विशेषणासारखे झाले असेल, तर ‘व्हेरी’ चालते (‘व्हेरी टायर्ड’). त्यातले क्रियापदपण शिल्लक असेल, तर ‘मच’ लागते (‘मच ॲडमायर्ड बाय’). नामाआधी जोडविशेषण करताना ‘वेल’नंतर संयोगचिन्ह देतात, ‘ली’अंती शब्दानंतर सहसा देत नाहीत.

वर्गीकरणाचा वाद : ‘ही वेंट इन’ यातला ‘इन’ परंपरेने क्रियाविशेषण, तर ‘ही वेंट इन द हाउस’ यातला शब्दयोगी अव्यय. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सेन यांनी ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ (1924) मध्ये ही फाळणी अनावश्यक ठरवली. क्रियापद सकर्मक असो वा अकर्मक, त्याची जात बदलत नाही. मग अव्ययाचीच का बदलावी, असा त्यांचा मुद्दा होता. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 सालच्या बृहद्‌व्याकरणाने जुनी विभागणी राखली. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 सालच्या ‘केंब्रिज ग्रामर’ने ‘इन’, ‘अप’ यांसारख्या शब्दांना कर्माशिवायही शब्दयोगी अव्ययच मानले.

मराठीशी तुलना : ‘तो खाली बसला’ आणि ‘तो झाडाखाली बसला’ यांतल्या ‘खाली’ला मराठी व्याकरणही अनुक्रमे क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय म्हणते. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला चिकटते, त्यामुळे फरक लिहितानाच दिसतो; इंग्रजीत तो पुढे नाम आहे की नाही यावरून कळतो. मराठी भाषक विद्यार्थ्यांकडून ‘आय हॅव कम यस्टरडे’ अशी रचना होते, कारण ‘मी काल आलो आहे’ हे मराठीत सहज बोलले जाते. ‘काल’ संपलेला असला, तरी येण्याचा परिणाम आज टिकून आहे, एवढे मराठीच्या ‘आहे’ला पुरते; इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला, की पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही.