उचंत खात्यातला संशय

मित्रहो, शहागंजासारख्या व्यापारी पेठेत उभं राहून हिशेबावर बोलायचं, हे आमच्यासारख्या माणसाचं धाडसच म्हणायला हवं. आमचा विषय तत्त्वज्ञान. आयुष्यभर आम्ही संशय शिकवला, हिशेब कधी शिकवला नाही. पण या दोहोंचं जवळचं नातं आहे, आणि आज तेच सांगायचं आहे.

तुमच्या वहीतला एक जुना शब्द घेऊ या : उचंत. पैसे आले किंवा गेले, पण कोणाच्या नावे टाकायचे ते ठरलेलं नाही. तोवर ते उचंत लिहायचे. सरकारी हिशेबातही शब्द तोच आहे. न्यायदर्शनाने सोळा पदार्थ सांगितले. त्यांत तिसरा संशय आणि नववा निर्णय. संशय ही तिथे चूक मानलेली नाही, ती विचाराची सुरुवात आहे. उचंत खातंही तसंच. 'अजून कळलेलं नाही' असं प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची ती जागा. दोष केव्हा येतो? संशयाने तिथेच मुक्काम ठोकला की.

आता दुसऱ्या महायुद्धाचा काळ डोळ्यांपुढे आणा. इंग्रज सरकारचं पुरवठा खातं कापड, बूट, तंबू, धान्य, सगळंच खरेदी करत होतं. माल आज येई, बिल नंतर. कुठे आगाऊ रक्कम दिलेली असे आणि माल वाटेतच असे. सैन्य कागदासाठी थांबत नाही, म्हणून रकमा उचंत पडत. युद्ध संपलं, डेपो बंद झाले, हंगामी कारकून घरी गेले, उरलेला माल विकायला डिस्पोजलचं खातं उभं राहिलं. आणि मागे राहिलेल्या नोंदी उलगडायला तपासनीस आला.

त्याची खरी परीक्षा कुठे असते? समजा, खात्याची शिल्लक शून्य आहे. आपण म्हणू, झालं, मिटलं! पण एका व्यापाऱ्याचे पाच हजार द्यायचे राहिलेत आणि दुसऱ्याला पाच हजार जास्त गेलेत, तरी बेरीज शून्यच येते. दोन अन्याय एकमेकांना झाकतात, बरं का. म्हणून शहाणा तपासनीस बेरजेवर विश्वास ठेवत नाही. तो एकेक नोंद उघडतो : पैसा कोणाचा, कोणत्या तारखेचा, कशासाठी, आणि पावती कुठे? नोंद जितकी जुनी, तितका साक्षीदार दुर्मीळ.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे गुंता दुप्पट. आपलं नाणं हाली, इंग्रजांचं कलदार. शंभर कलदारला एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. वर्ष फसली, दफ्तराची भाषा उर्दू. त्यात युद्धकाळात शेतकऱ्याच्या खळ्यावर सक्तीची लेव्ही आली. सरकारने ठरवलेल्या भावाने धान्य घालायचं. लेव्हीच्या जाचाचा संताप निजामाविरुद्धच्या लढ्यात मिसळला. दफ्तरात जी एक ओळ असते, ती कोणाच्या तरी घरची कणगी असते, हे विसरू नये.

पण या राज्याची सर्वांत मोठी उचंत नोंद हैदराबादेत नव्हती, लंडनमध्ये होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजाम शरण आले. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, 20 सप्टेंबरला, हैदराबादचे अर्थमंत्री राहिलेले मोईन नवाज जंग यांच्या सांगण्यावरून 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग एवढी रक्कम वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे वळती झाली. आठवड्याभरातच निजामांनी बँकेला कळवलं, की ही आमच्या परवानगीने झालेली नाही, पैसे परत करा. बँक म्हणाली, खातं ज्यांच्या नावे आहे त्यांची संमती आणा. ती काही आली नाही.

निजाम कोर्टात गेले. 1957मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की परक्या सार्वभौम राष्ट्रावर इथे दावा चालणार नाही. झालं! पैसा बँकेत, आणि मालक अधांतरी. 1967मध्ये निजाम वारले. पुढे 2013मध्ये पाकिस्ताननेच या रकमेवर दावा लावला, आणि स्वतः दारात आल्यावर सार्वभौमत्वाचं कवच राहिलं नाही.

पाकिस्तानचा एक मुद्दा आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. त्यांचं म्हणणं, आम्ही 1948मध्ये हैदराबादला शस्त्रं पुरवली, ही त्याची भरपाई. म्हणजे हे पुरवठ्याचंच बिल! सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने त्या काळात कराचीहून हैदराबादकडे शस्त्रांची उड्डाणं केली, हे खरंच आहे. पण न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी तपासनिसाचाच प्रश्न विचारला : माल गेला असेल, पण ही रक्कम त्याच मालाची, याला पुरावा काय? तो नव्हता. 2 ऑक्टोबर 2019 रोजी निकाल लागला. भारत सरकार आणि निजामांचे वारसदार यांच्या बाजूने. तोवर त्या दहा लाखांचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

एकाहत्तर वर्षं! संशय ते निर्णय, न्यायसूत्रातलं सहा पावलांचं अंतर.

यातून आम्ही काय घ्यावं? ज्याच्यापाशी वकील होते आणि बँकेचा कागद होता, त्या राजाची नोंद अखेर उलगडली. लेव्ही घालून पावती हरवलेल्या शेतकऱ्याची नोंद कोण उलगडणार? त्याचं व्याज कुठल्या बँकेत वाढतंय? काही हिशेब मिटत नाहीत, त्यांची फक्त माणसं मरतात. आणि मग दफ्तर म्हणतं, शिल्लक शून्य.

म्हणून, मित्रहो, उचंत लिहायला लाजू नका. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' लिहावं, तो प्रामाणिकपणा आहे. पण त्या ओळीपुढे नाव, तारीख आणि कारण तेवढं लिहा, आणि साक्षीदार हयात आहेत तोवर ती ओळ पुन्हा उघडा. घरच्या वहीत, संस्थेच्या वहीत, आणि राष्ट्राच्याही.